गोव्याची सहल काढताय, तर डोंगर वगळू नका

प्रति,
यंदा नववी-दहावीची सहल विमानाने गोव्याला नेऊ पाहणाऱ्या सोलापुरातील शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि सहल समित्या

आदरणीय महोदय आणि महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते. नववीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिकाही आहे. शाळेचं नाव इथे लिहीत नाही. प्रश्न एका शाळेपुरता उरलेला नाही, आणि आमच्या मुख्याध्यापकांची चारचौघांत शोभा करायची माझी इच्छाही नाही. भला माणूस आहे. पण सहलीबाबत जे ठरलं ते मुकाट्याने मान्य करणं मला जमेना. स्टाफरूममध्ये बोलून झालं, लेखी देऊन झालं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

सहल गोव्याला न्यायची असं ठरलं तेव्हा मी समितीला एक आराखडा दिला होता. सोलापुरातून बसने बेळगाव, तिथून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट. घाट उतरून सत्तरी तालुक्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी सोसोगड, म्हणजे गोव्याचं सर्वांत उंच ठिकाण. तिथल्या वनखात्याने परवानगी दिली तर वाटाड्या घेऊन माथ्यापर्यंत, नाही दिली तर ते सोडतील तिथपर्यंत. तिसऱ्या दिवशी साखळी, पणजी आणि समुद्र. समुद्र मी वगळला नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण ‘बाईंना मुलांनी मजा केलेली बघवत नाही’ अशी कुजबुज नंतर माझ्या कानावर आली.

आराखडा बाजूला पडला. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं ते ट्रॅव्हल्सवाल्याचं रंगीत पत्रक: ‘शैक्षणिक हवाई सहल, गोवा’. विमान, समुद्रकिनारा, मांडवीतली डीजेवाली बोट, वॉटरपार्क, मॉल, पुन्हा विमान. इतर शाळांतल्या मैत्रिणींना विचारलं, तर त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच पत्रक फिरत होतं. शाळेच्या नावाची जागा तेवढी बदललेली.

विमानाचं अप्रूप मला कळत नाही असं समजू नका. सोलापुरात राहणाऱ्या कुणालाही ते कळतं. विमानांच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडली गेली, त्याआधी किती वर्षं आपण त्याच एका विषयावर भांडलो! बाजूचे आणि विरोधातले, दोघेही माझ्या वर्गात बसायचे, कारण सभासद शेतकऱ्यांची मुलंही माझ्याकडे होती आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या भावांची बहीण-भावंडंही. मग 9 जून 2025 रोजी गोव्याचं विमान उडालं. त्या दिवशी मीही गच्चीवर जाऊन बघितलं. तेव्हा माझा राग विमानावर नाही. पोरांनी विमानात जरूर बसावं. फक्त त्याला भूगोलाची सहल म्हणू नये, कारण गोव्याच्या वाटेवर शिकण्यासारखं जे जे आहे ते सगळं हे विमान ढगांखाली सोडून देतं.

माझी पहिली आणि मुख्य तक्रार हीच आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते.

आपल्या रेल्वे स्टेशनवर फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी आहे. तिच्यावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपण साडेचारशे मीटरच्या वर आहोत. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, आणि तरी त्यांच्या गावाची उंची त्या न पाहिलेल्या पाण्यावरून मोजलेली आहे. बाकावर बसून हे त्यांना पटत नाही. ‘समुद्र तर इथे नाही, मग मोजलं कुठून?’ हा प्रश्न दरवर्षी एक तरी पोरगं विचारतं, आणि तो वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न असतो.

त्याचं उत्तर गोव्याइतकं सोयीचं दुसरीकडे मिळणं कठीण. गोवा देशातलं सर्वांत छोटं राज्य, 3,702 चौरस किलोमीटर. आपला एकटा सोलापूर जिल्हा त्याच्या जवळपास चौपट आहे. एवढ्याशा राज्यात शून्य मीटरही आहे आणि हजार मीटरच्या वरचं शिखरही. सकाळी डोंगरात असलेलं मूल दुपारी समुद्रात पाय बुडवून उभं राहू शकतं. महाराष्ट्राचं कळसूबाई 1,646 मीटर आहे, आपल्याला त्याचा अभिमान आहे, पण तिथून समुद्र गाठायला दिवस जातो. पट्टीची दोन्ही टोकं एकाच दिवसात हातात यावीत अशी सोय गोव्यात आहे.

वाटेतलं तर विचारूच नका. सोलापूर पर्जन्यछायेत आहे हे वाक्य मुलं पाठ करतात आणि पेपरात लिहितात. पर्जन्यछाया म्हणजे सावली, आणि सावली पडायला मध्ये काहीतरी उभं असावं लागतं. ते जे उभं आहे ते त्यांना कधी दाखवलं आपण? आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सत्तरीत वाळपईला चार हजार मिलिमीटरच्या वर. बसने गेलं की हा फरक खिडकीतून दिसतो. ज्वारीची रानं मागे पडतात, बेळगावनंतर झाडी दाटू लागते, जांबोटीपुढे जंगल सुरू होतं. विमानात मात्र डबा उघडेपर्यंत सह्याद्री संपलेला असतो.

कणकुंबीला थांबा अशी माझी विनंती होती. तिथे मलप्रभा उगम पावते. त्याच खानापूर तालुक्यात देगावच्या बाजूला म्हादई उगम पावते. म्हादई पश्चिमेला वळते, गोव्यात उतरते, मांडवी होऊन पणजीला समुद्रात जाते. मलप्रभा पूर्वेला निघते ती थेट कूडलसंगमला कृष्णेत मिसळते. कूडलसंगम म्हटल्यावर सोलापूरकराला नकाशा लागत नाही. बसवेश्वरांचं ते ठिकाण, आणि आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर त्यांच्याच काळातले शरण. इकडे आपली सीना हत्तरसंग कुडलला भीमेत जाते आणि भीमा पुढे रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. म्हणजे त्या घाटमाथ्यावर पूर्वेकडे ओघळलेलं पाणी आणि आपल्या माळरानावर पडलेलं पाणी शेवटी एकाच नदीतून बंगालच्या उपसागरात जातं, आणि पलीकडच्या उतारावर पडलेलं अरबी समुद्रात. जलविभाजक शिकवायला मी फळ्यावर कितीही रंगीत खडू झिजवले तरी एवढं साधणार नाही. म्हादईच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र लवादापुढे गेले, 2018 मध्ये निवाडा झाला, आणि वाद अजून पेटतोच आहे. नागरिकशास्त्राच्या सरांनाही सोबत न्या म्हटलं होतं मी.

विज्ञानाच्या बाईंसाठी एक प्रयोग सुचवला होता, बिनखर्चाचा. चोर्ल्याचा माथा आठशे मीटरच्या आसपास आहे. तिथे पाण्याची रिकामी प्लास्टिक बाटली घट्ट झाकण लावून पिशवीत टाकायची. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पोचेपर्यंत ती कुणी हात न लावता चेपलेली असते. हवेचा दाब या धड्यावर नंतर एक अक्षर शिकवावं लागत नाही.

आणि दगड. सोलापूरच्या काळ्या मातीखाली जो कातळ आहे तो लाव्हारसाचा. हा दख्खनचा कातळ गोव्यात पोचतो तो फक्त ईशान्य टोकाला, सत्तरीच्या बाजूला. तिथून पुढे त्याच्याहून कितीतरी जुने खडक लागतात. आपल्या पायाखालची जमीन कुठे संपते ते डोळ्यांनी बघायची संधी मुलांच्या आयुष्यात किती वेळा येते?

दुसरी तक्रार समितीतल्या एका वाक्यावर आहे: ‘डोंगराच्या टोकावर जाऊन बघायचं काय? तिथे तर काहीच नाही.’

अमेरिकेतल्या सर्वांत छोट्या राज्याचं, ऱ्होड आयलंडचं उदाहरण देते. तिथलं सर्वोच्च ठिकाण जेरिमोथ हिल. उंची 812 फूट, म्हणजे 247 मीटर. आपल्या स्टेशनचा फलाट त्याच्यापेक्षा दोनशे मीटर उंच आहे! वर चढणही नाही म्हणण्यासारखी. रस्त्याकडेला गाडी लावून झाडीतून थोडं चालायचं की आलं. भोवती झाडं, त्यामुळे देखावा नाही. तरी लोक देशभरातून तिथे येतात. मध्यंतरी तर वाट खाजगी जमिनीतून जात होती आणि मालकाला लोक नको होते. वर्षातले मोजके दिवस तेवढी ती उघडायची, आणि लोक त्या दिवसांची वाट पाहायचे. पुढे मालक बदलले, वाट मोकळी झाली आणि 2011 मध्ये माथ्याची जागा, जी तोवर एका विद्यापीठाकडे होती, ती राज्याने स्वतःकडे घेतली. सोलापूरच्या फलाटाहून खुज्या टेकडीसाठी एवढं सगळं. कारण राज्याचं सर्वांत उंच टोक कुठे आहे हे माहीत असणं आणि तिथे जाता येणं यात त्या लोकांना अर्थ वाटतो. आपल्याला हजार मीटरच्या शिखराच्या पायथ्याशी मुलांना न्यायचं जिवावर येतं.

‘काहीच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. सोसोगडाची (काही पुस्तकांत सोन्सोगोर) उंची कुठे 1,026 मीटर छापलेली मिळते, तर कुठे 1,166 किंवा 1,167. एकशेचाळीस मीटरचा फरक! स्पर्धा परीक्षेची पुस्तकंही दोन्ही आकडे देतात आणि मुलं गोंधळतात. माझ्या मते याहून चांगला गृहपाठ नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा पसरायचा, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) मोजायच्या, मोबाइलवरची उंची वाटेत दर तासाला लिहायची आणि आपला आकडा स्वतः काढायचा. चुकला तरी चालेल. छापलेला आकडाही कुणीतरी मोजलेला असतो आणि तो तपासता येतो, एवढं कळलं तरी नववीच्या मुलासाठी पुष्कळ झालं.

तिसरी गोष्ट पैशांची. याबद्दल थोडक्यात लिहिते कारण आपल्याला सगळं माहीत आहे. माझ्या तुकडीत पूर्व भागातली मुलं बरीच आहेत. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळते. शालेय सहलींना एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळते म्हणून ही मुलं आजवर येत आली. विमानाच्या सहलीचं शुल्क बघून त्यांनी घरी विचारलंसुद्धा नाही. एका मुलीने मला येऊन सांगितलं, ‘बाई, मला विमानात भीती वाटते.’ तिला भीती वगैरे काही वाटत नाही, शाळेच्या गच्चीच्या कठड्यावर बसते म्हणून मी तिला दोनदा रागावले आहे. वर्गातली निम्मी मुलं तीन दिवस गोव्याला आणि निम्मी तीन दिवस रिकाम्या वर्गात, ही कसली शाळेची सहल? आणि परत आल्यावर सहा महिने वर्गात फोटोंची चर्चा चालते, ती ऐकत कुणी बसायचं?

चौथं, सुरक्षेचं कारण. डोंगर धोक्याचा, समुद्र बरा, असं मला सांगण्यात आलं. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातली मुलं सहलीत बुडाली. डिसेंबर 2024 मध्ये मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातल्या शाळेच्या चार मुली बुडाल्या. ही नावं वादात वापरताना मला बरं वाटत नाही. पण ज्या सहलीत पोहता न येणारी, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारी मुलं जास्तीत जास्त वेळ पाण्याजवळ घालवणार आहेत, ती सुरक्षित आणि वाटाड्यासोबत जंगलात चालणं धोक्याचं, हे गणित मला सोडवता आलेलं नाही.

जंगलाचे नियम कडक आहेत हे खरं, आणि ते तसेच असावेत. सोसोगडाचा परिसर म्हादई अभयारण्यात येतो. 1999 मध्ये ते घोषित झालं, 208 चौरस किलोमीटरचं आहे, तिथे वाघ आहेत. जानेवारी 2020 मध्ये तिथे एका वाघिणीसह चार वाघ मेलेले सापडले होते, तेव्हा वनखातं डोळ्यांत तेल घालून बसलं तर त्यांना दोष देता येणार नाही. परवानगी नाकारली तर मी मुलांना घेऊन फाटकाशी वाद घालणार नाही. आपल्या मुलांना ही शिस्त नवी नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात त्यांना नेलंय, तिथे बोलायचं नाही, लाल-पिवळे कपडे घालायचे नाहीत, सांगतील त्याच वाटेने जायचं, हे त्यांनी निमूट पाळलंय. माझं म्हणणं इतकंच की परवानगीचा अर्ज करायच्या आधीच ‘मिळणार नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. आमच्या शाळेने अर्जच केला नाही.

शेवटची तक्रार लहान आहे, पण तिनेच मला लिहायला बसवलं. सहलीच्या पत्रकावर ‘मार्गदर्शन: भूगोल विभाग’ असं छापलं आहे. माझं मार्गदर्शन कुणी घेतलेलं नाही. शिक्षणाधिकाऱ्यांकडे परवानगीसाठी जाणाऱ्या कागदात ‘शैक्षणिक उद्देश’ या रकान्यासमोर काय लिहायचं हे मात्र मला विचारण्यात आलं. मी लिहून दिलेलं नाही.

आता मागण्या. ज्या शाळांनी अजून पैसे भरलेले नाहीत, त्यांनी विमानाची सहल थांबवावी आणि सगळ्या मुलांना परवडेल अशी रस्त्याने जाणारी सहल काढावी. ज्यांनी पैसे भरून टाकले आहेत, त्यांनी किमान परतीचा प्रवास घाटाने करावा आणि एक पूर्ण दिवस सत्तरीला द्यावा. डोंगर वर चढून बघायचा की उतरत्या रस्त्यावरून, हे परवानगीवर ठरेल, पण बघायचा. ज्या शाळेला ‘हवाई सहल’च काढायची आहे, तिने ती खुशाल काढावी, फक्त तिला मौजेची सहल म्हणावं, ऐच्छिक ठेवावं, आणि शैक्षणिक सहल तिच्या बदल्यात रद्द करू नये.

गोव्याच्या वनखात्याकडे लेखी अर्ज दीड-दोन महिने आधी जावा, त्यात मुलांची संख्या आणि सोबतच्या शिक्षकांची नावं असावीत. अर्जाचा मसुदा मी करून देते, कुठल्याही शाळेला फुकट. सहल ठरण्याआधी आराखडा पालकसभेत वाचून दाखवावा, नुसता ग्रुपवर टाकू नये. समुद्रावर जायचंच आहे, तर भरती-ओहोटीच्या वेळा बघून, जीवरक्षक असतील तिथेच आणि ठरावीक वेळापुरतंच जावं. जंगलात स्पीकर न्यायचा नाही, प्लास्टिक परत आणायचं. (बाटली प्रयोगाची, तीही परत.)

साखळीला वाळवंटीकाठी विठ्ठलापूरचं विठ्ठल मंदिर आहे, त्याचाही थांबा घ्यावा. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातून मुलं जाणार आणि वाटेतला विठ्ठल टाळून वॉटरपार्क गाठणार, हे माझ्या आईला सांगितलं तर ती मला घरात घेणार नाही. ही मागणी भूगोलाची नाही, माझी आहे.

तारखेचंही बोलून घेते. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आटोपली की परीक्षा सुरू व्हायला मध्ये दोन-तीन आठवडे मिळतात. जंगल तेव्हा कोरडं असतं, घाटात पाऊस-धुकं नसतं, जळवा नसतात. वेळ आहे. बसही मिळतील.

आमच्या शाळेपुरतं सांगायचं तर पालकांची संमतिपत्रं गोळा करायचं काम वर्गशिक्षकांकडे आहे. माझ्या तुकडीची कोरी पत्रं माझ्या कपाटात आहेत. पालकसभा बोलावली जाऊन दोन्ही आराखडे पालकांपुढे ठेवले जाईपर्यंत मी ती वाटणार नाही. हे मी आमच्या मुख्याध्यापकांना लेखी कळवलेलं आहे, आणि त्याबद्दल जी कारवाई करायची ती संस्थेने नियमाने करावी.

आपली विश्वासू,
भूगोलाची एक शिक्षिका
सोलापूर